दुडकीवर उठायचं नेमकं कधी? घोडेस्वारीतला ‘डायगोनल’ का चुकतो आणि कसा जमतो

घोडेस्वारी शिकताना कदम चाल दोन-चार दिवसांत अंगवळणी पडते. खरी परीक्षा सुरू होते ती घोडा दुडकी धरतो तेव्हा. खोगीर खालून धक्के देतं, रिकिबीतून पाय सुटतो, लगाम धरलेले हात वर-खाली होतात. यातून जरा सावरलं की प्रशिक्षक ‘राइजिंग ट्रॉट’ शिकवतात, म्हणजे दुडकीच्या तालावर एका ठेक्याला खोगिरावरून उठायचं आणि पुढच्या ठेक्याला बसायचं. तेही जमायला लागतं आणि रिंगणाच्या मधून हाक येते, “डायगोनल चुकला, बदला!”

इथे अनेकांचं गाडं अडतं. उठबस तर तालात चाललेली असते, मग चुकलं काय? हा नियम कशासाठी आहे, तो पाळणं अवघड का जातं आणि चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं, ते समजून घेऊ.

दुडकी म्हणजे कोणती चाल?

घोड्याच्या मुख्य चाली चार. कदम चालीत चारही पाय एकामागून एक पडतात, म्हणून तिचे ठेके चार. दुडकीचे ठेके दोन. कँटरचे तीन. आणि भरधाव धावताना, म्हणजे गॅलपमध्ये, पुन्हा चार.

दुडकीत पाय जोडीने पडतात आणि ही जोडी तिरकी असते. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र, तर पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकत्र. शाळेच्या भूमितीत आयताचे समोरासमोरचे कोन जोडणारी रेघ म्हणजे कर्ण. घोड्याचे चार खूर हे आयताचे चार कोपरे मानले, तर या दोन जोड्या म्हणजे त्याचे दोन कर्ण. कर्णाला इंग्रजीत डायगोनल म्हणतात, तोच शब्द रिंगणात रूढ झाला.

एक जोडी जमिनीवरून सुटते आणि दुसरी टेकते, यांच्या मधे क्षणभर चारही पाय हवेत असतात. घोडा पुन्हा जमिनीवर आला की स्वाराला खालून धक्का बसतो. साध्या दुडकीत घोडा मिनिटाला साधारण ७५ ते ८० पावलं पूर्ण करतो आणि प्रत्येक पावलात दोन ठेके असतात. म्हणजे बसून राहिलेल्या स्वाराला मिनिटाला दीडशेहून जास्त धक्के सोसावे लागतात.

मग उठायची पद्धत आली कुठून?

इंग्रजीत या उठबशीला ‘पोस्टिंग’ असंही म्हणतात. हे नाव टपालाच्या आणि प्रवासी गाड्यांच्या काळातलं आहे. युरोपात अशा काही गाड्यांना वेगळा गाडीवान नसे. जोडीतल्या डाव्या घोड्यावर एक पोऱ्या बसायचा आणि तोच दोन्ही घोडे हाकायचा. तासन्‌तास दुडकीवर बसून कंबर मोडू नये म्हणून हे पोस्ट-बॉय एक ठेका सोडून उठायचे. पुढे ही सोय सैन्यात आणि घोडेस्वारीच्या शाळांमध्ये पोहोचली.

आपल्याकडच्या काही घोड्यांमध्ये या त्रासावर वेगळा उपाय जन्मतःच असतो. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांपैकी काही ‘रेवाल’ नावाची चाल चालतात. तीत एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळपास पाठोपाठ पडतात, उसळी फारशी नसते आणि स्वार न हलता आरामात बसू शकतो. रेवाल चालणाऱ्या घोड्याला आजही जास्त मान मिळतो, तो यामुळेच.

वरातीच्या घोडीवर बसलेल्या नवरदेवाला यातला कोणताच प्रश्न पडत नाही, कारण घोडी कदम चालते. टांगेवाल्यालाही तो पडला नाही. घोडा दुडकीने पळायचा, पण टांगेवाला घोड्याच्या पाठीवर नसायचा. डायगोनलचा प्रश्न येतो तो स्वार पाठीवर असेल आणि घोडा दुडकीवर असेल तेव्हाच.

‘बरोबर’ डायगोनल कोणता?

नियम एका ओळीचा आहे: वळणाच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जातो तेव्हा उठा, तो मागे येतो तेव्हा बसा.

रिंगणात डावीकडे वळत फिरत असाल, तर डावी बाजू आतली आणि उजवी बाहेरची. म्हणजे उजवा खांदा पुढे गेला की उठायचं. उजवीकडे वळत असाल, तर डावा खांदा पुढे गेला की उठायचं. दिशा बदलली की डायगोनलही बदलतो.

सरळ रस्त्यावर ना आत असतं ना बाहेर. तिथे कोणत्याही एका डायगोनलवर सुरुवात करून थोड्या थोड्या अंतराने तो बदलायचा, एवढंच बंधन.

बाहेरचाच खांदा का?

उत्तर पुढच्या खांद्यात नसून मागच्या पायात आहे. बाहेरचा पुढचा पाय आणि आतला मागचा पाय हे एकाच कर्णावरचे. बाहेरचा खांदा पुढे जातो, त्याच वेळी आतला मागचा पायही हवेतून पुढे येत असतो. वळणावर शरीर तोलायला घोड्याला हा पाय पोटाखाली चांगला आत टाकावा लागतो. नेमक्या त्या वेळी स्वार खोगिरावरून उठलेला असेल, तर पाठ मोकळी राहते आणि पाय पुढे यायला वाव मिळतो. तो पाय जमिनीवर टेकला की स्वार बसतो. मागचा पाय स्वाराला दिसत नाही, पुढचा खांदा दिसतो. म्हणून खूण खांद्याची धरली आहे.

या कारणमीमांसेवर घोडेस्वारीच्या जगात बरेच वाद झाले आहेत. एका मुद्द्यावर मात्र फारसा वाद नाही: दोन्ही डायगोनल सारखे वापरले गेले पाहिजेत. ‘बाहेरच्या खांद्याबरोबर उठा’ या नियमाचा मोठा फायदा हाच. रिंगणात दोन्ही दिशांना सारखं फिरलात, तर भाराची वाटणी आपोआप सारखी होते.

चुकला तर बिघडतं काय?

एका दिवसात काहीच बिघडत नाही. घोडा अडखळत नाही, स्वार पडत नाही. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

आता हिशोब करून पाहा. मिनिटाला ७५ उठबशा धरल्या, तर वीस मिनिटांच्या दुडकीत स्वार १,५०० वेळा खोगिरावर बसतो. डायगोनल कधीच बदलला नाही, तर हे सगळे १,५०० भार एकच तिरकी जोडी जमिनीवर असताना पडतात. प्रशिक्षण केंद्रातल्या घोड्यावर दिवसात अनेक शिकाऊ बसतात आणि बहुतेकांना तोच एक डायगोनल सोपा वाटतो. घोड्याला तक्रार करता येत नाही. हळूहळू त्याच्या पाठीचे आणि मागच्या भागाचे स्नायू एका बाजूला जास्त तयार होतात, एका दिशेला वळताना तो ताठर होतो. मग त्याच्यावर ‘अडेल’ असा शिक्का बसतो.

उठबशीचा भार सारखा नसतो, हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वार उठलेला असतानाच्या ठेक्यात पाठीवरचा कमाल भार बसलेल्या ठेक्यापेक्षा कमी भरला. स्वीडिश संशोधकांचा सहभाग असलेल्या २००९ च्या अभ्यासातही राइजिंग ट्रॉटमुळे घोड्याच्या दोन तिरक्या जोड्यांवर असमान भार येतो असं दिसलं. थोडक्यात, राइजिंग ट्रॉट पाठीला आराम देतो, पण तो एका ठेक्यापुरता. दुसऱ्या ठेक्याला भार असतोच. तो दोन्ही बाजूंना वाटून देणं स्वाराच्या हातात आहे.

शिकणाऱ्याचा गोंधळ कुठे होतो?

नियम सोपा असून चुकतो, याची कारणं बहुतेक वेळा ठरावीक असतात.

*मान खाली जाते.* खांदा पाहायचा म्हणून शिकाऊ स्वार पुढे वाकतो. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की पाठ गोल होते, टाच वर येते आणि ताल तुटतो. पाहायचंच असेल तर मान सरळ ठेवून फक्त नजर खाली टाकावी, तीही क्षणभर.

*खांद्याऐवजी गुडघा पाहिला जातो.* घोड्याचा गुडघा बराच खाली असतो, त्यामुळे तो पाहायला वाकावं लागतं. खांद्याचं हाड कातडीखाली पुढे सरकताना खोगिराच्या अगदी पुढ्यात दिसतं. बाहेरच्या खांद्यावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला, तर नवशिक्याला फार मदत होते.

*जोर लावून उठलं जातं.* रिकिबीवर पाय दाबून उभं राहायला गेलं की उठायला उशीर होतो आणि पुढचा ठेका निसटतो. स्वाराला वर उचलायचं काम घोड्याची उसळी करते. स्वाराने फक्त कंबर थोडी पुढे, खोगिराच्या पुढच्या उंचवट्याकडे जाऊ द्यायची आणि हलकेच परत यायचं. दोन-तीन बोटं उंची पुरते.

*रिकिबी लहान-मोठ्या असतात.* घोड्यावर नेहमी डाव्या बाजूने चढायची रीत असल्याने डाव्या रिकिबीचा पट्टा वापरून वापरून ताणला जातो. मग स्वार एका बाजूला कलतो आणि एकच डायगोनल त्याला ‘आपला’ वाटतो. दोन्ही पट्टे अधूनमधून शेजारी धरून मोजावेत आणि आलटून पालटून लावावेत.

*घोडाच एका डायगोनलवर बसवतो.* प्रत्येक घोड्याची एक बाजू जास्त जोरकस असते, जसा माणसाचा एक हात. त्या बाजूची उसळी मोठी असल्याने स्वार नकळत तिच्याबरोबर उठतो. दुडकी सुरू होताच डायगोनल तपासायची सवय लागते ती याचसाठी.

डायगोनल बदलायचा कसा?

उठ-बस, उठ-बस असा ताल चालू असतो. बदलताना एक ठेका जास्त बसायचं: उठ-बस-बस-उठ. दोन ठेके सलग बसलं की पुढचं उठणं दुसऱ्या जोडीबरोबर येतं. सलग दोन किंवा चार ठेके महत्त्वाचे, तीन बसलात तर फिरून पहिल्याच डायगोनलवर याल. नवशिक्याची फसगत बहुधा इथेच होते. तो दचकून दोनाऐवजी तीन ठेके बसतो आणि मग ‘बदलला तरी चुकलाच’ म्हणून वैतागतो.

याउलट, दोन ठेके सलग उठलेलं राहूनही डायगोनल बदलतो: बस-उठ-उठ-बस. पाठीवर जास्तीचा भार पडत नाही, म्हणून काही प्रशिक्षक ही रीत पसंत करतात. मात्र तिला तोल चांगला लागतो आणि मांड पक्की नसेल, तर स्वार लगामाला लटकतो. आधी बसून बदलायला शिकणं सोयीचं.

खाली न पाहता ओळखता येतो का?

येतो आणि शेवटी तिथेच पोहोचायचं असतं. त्याची सुरुवात कदम चालीवर करावी. घोडा सावकाश चालत असताना समोर पाहत मोठ्याने बोलायचं: “डावा, उजवा, डावा, उजवा.” मग एकदा नजर टाकून खात्री करायची. दहापैकी आठ वेळा बरोबर यायला लागलं की हाच खेळ दुडकीवर खेळायचा.

दुसरा सराव लांब दोरीवरचा, ज्याला लांज म्हणतात. प्रशिक्षक दोरीने घोड्याला गोल फिरवतात आणि लगामाची काळजी नसल्याने स्वाराला सगळं लक्ष अंगाखालच्या हालचालीकडे देता येतं. डोळे मिटून आधी चार ठेके बसायचं, मग उठायचं आणि डोळे उघडून पाहायचं. चुकीच्या डायगोनलवर वळणात किंचित बाहेर फेकल्यासारखं वाटतं आणि बसणं जड पडतं. बरोबर डायगोनलवर तेच वळण मऊ लागतं. हा फरक एकदा अंगाला कळला की खांद्याकडे पाहायची गरज कमी होत जाते.

नांदगाव पेठेसारख्या ठिकाणी सराव कसा करावा?

अमरावतीहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या नांदगाव पेठेची ओळख आज एमआयडीसी आणि महामार्गाची आहे. घोडेस्वारीची आखीव मैदानं मुंबई-पुण्यात किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात शोधावी लागतात. तरी गावाकडे घोडं पाळणारे असतात आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सरावाचं रिंगण आखणं कठीण नाही.

कबड्डीचं मैदान आखतात तशीच फक्की इथेही चालते. सपाट जागेत मधोमध खुंटी ठोकून १० मीटर दोरीने वर्तुळ आखलं की २० मीटर व्यासाचं रिंगण तयार होतं. त्याचा घेर साधारण ६३ मीटर भरतो, म्हणजे दुडकीवर एका फेरीत पंचवीसेक उठबशा. आखून झालं की खुंटी काढून टाकावी. शेजारी तसंच दुसरं वर्तुळ आखलं, तर इंग्रजी आठचा आकडा होतो आणि दोन्ही वर्तुळं जिथे भिडतात तिथे दिशा व डायगोनल एकदम बदलायचा सराव करता येतो. दोन वर्तुळं मिळून लागते ती जागा २० बाय ४० मीटर. ड्रेसाज या प्रकाराच्या लहान मैदानाचं मापही हेच असतं.

जागा निवडताना जमीन पाहावी. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत खूर अडकला तर पाय मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती चिकट आणि निसरडी होते. मुरमाड, दगड वेचलेली जागा त्यापेक्षा बरी. डांबरी रस्त्यावर दुडकीचा दणका घोड्याच्या सांध्यांना बसतो आणि महामार्गावर तर घोडा नेऊच नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पहाटेचीच वेळ धरावी. हेल्मेट आणि टाच असलेला बूट प्रत्येक वेळी हवा.

वर्तुळ आखता येत नसेल, तर शेताकडच्या सरळ कच्च्या वाटेवरही सराव होतो. ठरावीक झाड किंवा विजेचा खांब आला की डायगोनल बदलायचा.

चूक स्वाराची नसेल तर?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. कालपर्यंत दोन्ही डायगोनलवर नीट चालणारा घोडा आज एका डायगोनलवर स्वाराला सारखा दुसरीकडे फेकत असेल, डोकं झटकत असेल किंवा दुडकी तोडून कदमावर येत असेल, तर आधी घोडा तपासावा. खोगीर एका बाजूला सरकलंय का, तंग घासतोय का, खुरात खडा आहे का, नाल सैल झाली आहे का, पाठीवर हात फिरवल्यावर घोडा अंग चोरतो का, हे पाहावं.

काही दिसलं नाही आणि अडचण तशीच राहिली, तर पशुवैद्यकाला दाखवावं. दोन्ही बाजू सारख्या चालतात की नाही, हे दुडकीत लवकर कळतं. म्हणूनच घोडा लंगडतोय का हे पाहताना त्याला दुडकीवर पळवून बघतात. स्वारासह तपासणी असेल, तर दोन्ही डायगोनलवर पाहणं उपयोगी ठरतं, कारण स्वाराच्या उठबशीनेही चाल थोडी असमान दिसू शकते. दुखणाऱ्या घोड्याला ‘डायगोनल शिकवत’ बसणं म्हणजे दुखण्यावर रोज १,५०० वेळा बसणं.

मोठ्या स्पर्धेतही असंच उठतात का?

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. १९८२ नंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेलं हे पहिलं आशियाई सुवर्ण. या पातळीवरच्या ड्रेसाजमध्ये दुडकी साधारणपणे बसूनच करावी लागते. सुरुवातीच्या पातळ्यांवर मात्र उठबस चालते आणि मोठे स्वारही घोड्याचं अंग मोकळं करताना राइजिंग ट्रॉटच वापरतात.

महाराष्ट्रात घोडेस्वारीचं शिक्षण नवं नाही. नाशिकला डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि मुंबईत महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये घोडेस्वारी शिकवली जाते. विदर्भातल्या महाविद्यालयीन मुला-मुलींसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं एनसीसीचं रिमाउंट अँड व्हेटर्नरी पथक हाही एक रस्ता आहे.

थोडक्यात

- दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात. त्या जोडीला डायगोनल म्हणतात.
- वळणाच्या बाहेरचा खांदा पुढे गेला की उठा, मागे आला की बसा.
- दिशा बदलली की डायगोनल बदला: दोन ठेके सलग बसा आणि पुन्हा उठा.
- सरळ वाटेवर ठरावीक अंतराने बदला.
- मान खाली घालू नका, खांद्यावर फक्त नजर टाका.
- घोडा अचानक एका डायगोनलला नकार देत असेल, तर आधी खोगीर, खूर आणि पाठ तपासा.

मराठीत घोड्यावरच्या बैठकीला ‘मांड’ म्हणतात आणि चांगल्या स्वाराची मांड पक्की असते. पण मांड पक्की असणं म्हणजे नुसतं न पडणं नव्हे. आपलं वजन घोड्याच्या पाठीवर कधी पडतं आणि कोणत्या बाजूला पडतं, हे स्वाराला ठाऊक असणं हाही तिचाच भाग आहे.